ज्वारी तिची होती

माझ्या पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनी आमच्या अंगणात ध्वनिक्षेपक लावला होता, आणि त्यावरून तासभर तिच्याविषयी व माझ्याविषयी खोटे बोलले गेले. मी पुढच्या रांगेत बसून ऐकून घेतले, कारण मंडप माझा होता आणि पाहुणे जेवायचे होते. आता पाहुणे जेवून गेले आहेत. म्हणून लिहितो.

आमच्या बौद्ध घरांतली रीत अशी, की पुण्यानुमोदनाला वंदना झाली की ज्याला गेलेल्या माणसाविषयी काही सांगायचे असेल त्याने उठून सांगावे. रीत चांगली आहे. आमच्या आजोबांच्या काळी आमचे माणूस मेले तर त्याच्याविषयी दोन शब्द बोलायला गावात कोणी उभे राहत नसे. मात्र उभा राहिलेला खरेच बोलेल, अशी अट या रीतीत कोणी घातलेली नाही.

पहिला उठला माझा धाकटा भाऊ. त्याचे शेत माझ्या शेताला लागून आहे.

"वहिनीवानी बाई पुन्हा व्हनं न्हाई," तो म्हणाला. "समद्या शिवारानं ज्वारी सोडली. मी बी सोडली. पर दादा म्हणले ज्वारी, की वहिनी म्हणली ज्वारी. या वयात ती बाई शेतातल्या माळ्यावर चढून पाखरं हाकायची. कधी शब्दाबाहेर गेली न्हाई. दादांच्या जिद्दीपायी जीव दिला तिनं."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भावाने हे निंदा म्हणून सांगितले नव्हते, कौतुक म्हणून सांगितले होते. म्हणूनच ते मला अधिक झोंबले.

दुसरे उठले माझ्या शाळेतले एक निवृत्त सहकारी. त्यांनी मला देशी ज्वारीचा तालुक्यातला अखेरचा रक्षक ठरवले, आणि सरांच्या या व्रतात ताईंनी आहुती दिली, असे सांगितले. आहुती हा शब्द आमच्या मंडपात कुठून आला, ते त्यांनाच ठाऊक. एकाने माझ्या माथी दोष मारला, दुसऱ्याने माझ्या गळ्यात हार घातला, आणि दोघांचीही चूक एकच होती. ज्वारी माझी, असे दोघेही धरून चालले होते.

तिसरी हकिगत ध्वनिक्षेपकावरून आली नाही. ती माझ्या मुलीची. ती परभणीला एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्याच घरी, तिच्याच हातांत तिच्या आईचे शेवटचे सात आठवडे गेले. पंगत चालू असताना ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापाशी आली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "काका खोटं नाही बोलले, बाबा. हट्ट तुमचा होता. राबली आई."

वर्षभर तिने त्या शेतातला दाणा आपल्या घरात येऊ दिला नव्हता. माझी एकुलती एक मुलगी आपल्या आईला एक ओढून नेलेली बाई म्हणून आठवत होती. तिने माझ्याविषयी काय मानावे हा तिचा प्रश्न. पण माझ्या पत्नीने आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेली जी एक गोष्ट होती, तीच सगळ्यांनी मिळून माझ्या नावावर चढवली होती. ती परत तिच्या नावावर करणे माझ्याशिवाय कोणाला शक्य नव्हते.

तर जे घडले ते असे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झालो तेव्हा राणीसावरगावच्या अलीकडे आमची पाच एकर काळी जमीन होती. आमच्या शिवारात तोवर पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यावर हरभरा ही रीत रुळली होती. मीही तेच करणार होतो. शहाणपण त्यातच होते, आणि आजही माझे तेच मत आहे. हरभऱ्याचे बियाणे आणून मी ओट्यावर ठेवले. पत्नीने पोत्याभोवती एक फेरी मारली.

"हे कुठं पेरणार?"

"सगळीकडे."

"नाल्याकडची दोन एकर सोडून पेरा. तितं ज्वारी."

मी तिला सातवीच्या वर्गाला समजावावे तसे समजावले: काढणीला माणूस मिळत नाही, कणसे मोडायला मिळत नाही, पाखरे सुखाने खाऊ देत नाहीत, आणि भाकरीपुरती ज्वारी हवी असेल तर बाजारात मिळते.

"इकत आणायची न्हाई तर मागायची," ती म्हणाली. "आमच्या घराला दोनच वाटा व्हत्या. तिसरी म्या अजून बघितली न्हाई."

तिचे वडील खळ्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या खळ्यांच्या कडेला उभे राहत. मालकाची रास मोजून झाली, की शेवटी त्यांना बोलावणे येई. मग ते अंगावरची चादर पसरत. लहानपणी त्या चादरीचे एक टोक हिच्या हातात असे. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, दाणे पाखडता पाखडता, एकदाच तिने मला हे सांगितले, तेही तक्रार म्हणून नव्हे, कसब म्हणून: "टोक वर धरायचं न्हाई. जमिनीला लावून धरायचं. वर धरलं तर हात थरथरतो आन मालकाला दिसतो."

जिच्या हाताला हे कसब होते, तिला स्वतःच्या खळ्यावर उभे राहायचे होते. मी मात्र दोन हंगाम तिची थट्टा केली. 'महाराणींची जहागीर' म्हणत असे मी त्या दोन एकरांना. ती वाद घालत नसे. बियाणे निवडायला बसे. आणि खळे झाले की पहिले सूपभर धान्य, घरात दाणा येण्यापूर्वी, जो कोणी समोर येईल त्याला देई. देताना घेणाऱ्याच्या हातांकडे बघायची नाही, दुसरीकडे बघायची.

आता पाखरांविषयी. सगळे शिवार ज्वारीचे असते तेव्हा पाखरे सगळ्यांचेच थोडे थोडे खातात आणि कोणाचेच फारसे जात नाही. एकेकाने ज्वारी सोडली की उरलेल्यांच्या वाट्याला त्यांचीही पाखरे येतात. माझ्या भावाने सोडली त्या वर्षी चार गावांची पाखरे एकट्या आमच्या दोन एकरांवर उतरली. राघू, चिमण्या, साळुंक्या, आणि थंडीत येणाऱ्या भोरड्या, ज्यांचा थवा उतरताना वर चादर झटकल्यासारखा आवाज होतो. दुसऱ्याने आपली वाट बदलली म्हणून आपली वाट कशी महाग होते, हे मी इतकी वर्षे शिकवूनही मला माहीत नव्हते.

मी म्हणालो, "आता पुरे. सगळ्यांनी सोडली."

"समद्यांनी धरली व्हती तवा मला कुणी इचारलं व्हतं का?" ती म्हणाली. "मग सोडली म्हणून तरी कशाला इचारतेत?"

त्या वर्षीपासून ती राखणीच्या माळ्यावर बसू लागली. चार मेढी रोवून दीड पुरुष उंचीवर फळ्या टाकायच्या, चढायला दोन वाशांना आडव्या पायऱ्या बांधायच्या, इतकाच तो माळा. कणसात दूध भरल्यापासून काढणीपर्यंत रोज उजाडताना ती वर जाई, उन्हे तापली की उतरे, आणि उन्हे कलली की पुन्हा जाई. गोफण, खडे, आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. मी खाली बसून वर्तमानपत्र वाचत असे. 'वर मी बसतो' असे मी दोनदा म्हटले होते. भावाला हे माहीत आहे, तो ते सांगत नाही.

एकदा मी तिला विचारले, "तुला तिथे कंटाळा येत नाही?"

"हितं मला कुणी हाक मारत न्हाई," ती वरून म्हणाली. "जलमभर समद्यांनी खालून हाका मारल्या. पाणी दे, वाढ, पोरगी रडायली, पाव्हणे आलेत. हितं नुसत्या भोरड्या. आन त्यांला बी हाक मीच मारते."

आणि हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. घरात, लग्नात, सभेत, हसताना ती तोंडावर पदर धरी. माळ्यावर ती तो धरत नसे.

हे मी आवर्जून नोंदवतो, कारण यावर मंडपात कोणी बोलले नाही. तिच्याइतके समाधानी माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. मी स्वतः तसा कधीच नव्हतो. नोकरी, बदल्या, सभेतली भाषणे, निवृत्तीनंतरचा फेटा, हे सगळे मी चारचौघांना पटेल अशा बेताने केले, आणि चारचौघांना ते पटलेही. तिने दोन एकरांवर जे केले ते कोणालाच पटले नाही. आम्हा दोघांत सुखी कोण होते, हे मी रोज खालून मान वर करून बघत असे.

तिला माझ्या हट्टाने मारले नाही. ज्वारीनेही मारले नाही. आता पुढचे.

माझ्या वडिलांचा नियम होता: माळ्याचे लाकूड एका हंगामाचे. खळे झाले की माळा मोडायचा आणि लाकूड चुलीला लावायचे. पुढच्या साली नवे तोडायचे. पावसात भिजलेल्या बाभळीला आतून भुंगा लागतो आणि वरून ती ठणठणीत दिसते. पूर्वी हे काम जड नव्हते. शिवारभर माळे असत आणि ते सावडीने उभे राहत. आज सगळ्यांनी मिळून एकाचा बांधायचा, उद्या दुसऱ्याचा. आता माळा एकच होता. भावाला बोलावले असते तर तो आला असता. पण येताना 'सोडा की दादा ती ज्वारी' हे वाक्य घेऊन आला असता, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी त्याला बोलावले नाही. आदल्या सालचा माळा मोडून लाकूड बांधाला टेकवून ठेवले होते. पावसाळाभर ते तिथेच भिजले. तेच मी एकट्याने पुन्हा उभे केले. दोऱ्या नव्या घातल्या. गाठींचा मला अभिमान आहे, आणि गाठी पक्क्याच होत्या.

चार दिवसांनी ती म्हणाली, "तिसरी पायरी कुरकुर करायलीय. बदला."

"माझ्या हातची गाठ आहे ती. हलायची नाही."

"गाठ न्हाई, लाकूड म्हणायले मी."

मी वर्तमानपत्राचे पान उलटले. पुढे आठवड्याने ती पुन्हा म्हणाली, "खाली भुगा पडायलाय, अवो. पिवळा."

"मुंग्यांचा असेल."

तिने तिसऱ्यांदा सांगितले नाही. दुसऱ्या पायरीवरून एकदम चौथीवर पाय टाकून ती चढू लागली. सदुसष्ट वर्षांची बाई लुगडे खोचून तो लांब पाय टाकत होती, आणि मी ते रोज बघत होतो. उठून एक फांदी तोडायला मला अर्धा तास लागला असता. पण ती तोडणे म्हणजे माझी चूक झाली असे कबूल करणे होते.

माघातल्या एका सकाळी तिला यायला थोडा उशीर झाला. थवा आधीच उतरला होता. ती घाईने चढली आणि घाईत तिचा पाय तिसऱ्या पायरीवर पडला. मी दहा पावलांवर शेकोटीपाशी होतो. वाळली काडी मोडावी इतकाच आवाज आला. मी पोहोचलो तेव्हा ती कुशीवर पडली होती आणि तिचे एक पाऊल नको तितके बाहेर वळले होते. बाजूला पायरीचे दोन तुकडे होते. आतून ते पोकळ होते, पिठाने भरलेल्या नळीसारखे.

सर्वांत आधी माझा भाऊच धावत आला. त्याचे हे मी नाकारत नाही. ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने तिला उचलले, आणि मला विचारले, "कसं झालं, दादा?"

"दव होतं," मी म्हणालो. "पाय घसरला."

स्मृतिदिनापर्यंत गावात जितक्या हकिगती चालल्या, त्या सगळ्या या एका वाक्यावर उभ्या होत्या. ते माझे वाक्य आहे. गंगाखेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तोच प्रश्न विचारला. ती छताकडे बघत होती.

"दव व्हतं," ती म्हणाली. "पाय घसरला."

खुब्याचे हाड मोडले होते. तिला परभणीला नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे कपडे नेण्यासाठी मी गावी आलो, शेतात गेलो, ते दोन तुकडे उचलून आणले आणि आंघोळीच्या पाण्याखाली चुलीत घातले. पोखरलेले लाकूड भुरकन जळते. पाणी कोमटही झाले नाही.

शस्त्रक्रिया झाली, ती मात्र उठून उभी राहिली नाही. पुढे छाती भरत गेली. सात आठवड्यांत तिने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली.

"राखण कोण करायलंय?"

"मी," मी सांगत असे. मी करत नव्हतो. माळ्याची तिसरी पायरी मी पुन्हा बांधलीच नाही, त्यामुळे वर कोणी गेले नाही. पाखरांनी कणसे उभ्या उभ्या पोखरली. शेवटी हाती आली ती दोन पोती.

पायरीविषयी ती एक शब्दही बोलली नाही. आयुष्यात माझ्यावर झालेल्या प्रत्येक आरोपाला मी उत्तर दिले आहे. वरिष्ठांना दिले, गावकीला दिले, भावकीला दिले. या एका आरोपाचे उत्तर मी सात आठवडे तयार ठेवून तिच्या उशाशी बसलो. तिने आरोप केला नाही. फाल्गुनात ती गेली.

आता पुन्हा त्या स्मृतिदिनाकडे येतो. दुपारचे चार झाले होते. मंडपवाले बांबू सोडत होते. मुलगी निघण्याच्या तयारीत होती. दोन पोत्यांपैकी एक मी कडुनिंबाचा पाला घालून जपून ठेवले होते, ते ओट्यावर आणून ठेवले.

"बाबा, ते नको. किती वेळा सांगू?"

"ही ज्वारी तुझ्या आईची आहे."

"झालं सुरू."

"माझी ती कधीच नव्हती. मला हरभरा पेरायचा होता."

"ढकला तिच्यावर," ती म्हणाली. "ती काही आता उठून बोलणार नाही."

त्या क्षणी मला कळले, की वर्षभर मी खरे बोलत होतो आणि तरी ते खोट्यासारखे का ऐकू येत होते. अंगावरचे झटकणारा माणूस असेच बोलतो. माझे पहिले वाक्य तिला पटायचे असेल तर दुसरेही वाक्य द्यावे लागणार होते; ते दिल्याशिवाय तिची आई तिला परत मिळणार नव्हती.

"पाय घसरला नव्हता," मी म्हणालो. "पायरी मोडली. जुन्या सालचं लाकूड होतं. तिनं बदला म्हणून सांगितलं होतं."

मुलीने पिशवी खाली ठेवली. ती रडेल असे मला वाटले होते. तिने रुग्णाच्या नातेवाइकाला विचारावे तसे विचारायला सुरुवात केली.

"किती वेळा सांगितलं होतं?"

"दोनदा."

"मोडलेली पायरी कुठं आहे?"

"जाळली."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी. तिचे कपडे घेऊन तुझ्याकडे आलो, त्याआधी."

"पण आईनं स्वतः मला सांगितलं, दव होतं म्हणून."

"मी भावाला सांगितलेलं तिनं ऐकलं होतं."

"म्हणजे तुमच्यासाठी खोटं बोलली ती."

"हो," मी म्हणालो. "माझ्यासाठी तिनं तेवढंच केलं. ज्वारी माझ्यासाठी नव्हती."

ती ओट्यावर, पोत्याच्या शेजारी बसली. मंडपवाल्यांचा एक बांबू खाली पडला, तिने वळून पाहिले नाही.

"पायरी खराब आहे हे माहीत असून ती वर का जायची?"

"तिथे तिला कोणी हाक मारत नसे."

ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी पण मारायची. सारखी." आणि उठली. पोत्याला हात लावून म्हणाली, "हे गाडीत ठेवायला सांगा. आईची आहे म्हणून नेते. तुमची असती तर नेली नसती." गाडीत बसल्यावर काच खाली करून तिने आणखी एक वाक्य सांगितले. "मला फोन करू नका, बाबा. करायचा तेव्हा मी करीन."

तिने तो अजून केलेला नाही. यात तिचे चुकले असे मी म्हणणार नाही.

पावसाळा सरल्यावर त्या दोन एकरांत यंदा मी हरभरा पेरला. पेरणी चालू असताना भाऊ बांधावर येऊन उभा राहिला.

"आलात का लायनीवर, दादा? हेच दोन सालं आधी केलं असतं तर वहिनी आज..."

"हे मला पहिल्यापासून करायचं होतं. ज्वारी तिची होती."

"बरं, बरं," तो म्हणाला. म्हाताऱ्याला म्हणतात तसे.

मग मी त्यालाही पायरीची हकिगत सांगितली. लाकूड कोणते होते, ते मदतीला त्याला न बोलावता मी का वापरले, तिने काय सांगितले, मी काय जाळले, सगळे. तो आपल्या शेताच्या धुऱ्याकडे चालू लागला, थोडे जाऊन थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला एक हाक मारायची व्हती, दादा." आणि गेला.

त्याने ते घरी सांगितले असणार. गावात आता चौथी हकिगत चालू आहे. तिच्या हौसेची ज्वारी होती, ती तिने एकटीने धरून ठेवली, आणि म्हाताऱ्याने तिला किडक्या लाकडावर चढवून मारले, असे लोक म्हणतात. यात 'चढवून' हा शब्द खोटा आहे. ती आपणहून चढत होती. बाकी मी काही खोडून काढत नाही. या हकिगतीत ज्वारी तिची आहे.